तवा रिकामा का?

(दृश्य: तपकीर गल्ली, दुपार. वायरींची भेंडोळी, हातगाडी, त्यातून वाट काढणाऱ्या दुचाकी.)

पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. बल्ब, वायर, चार्जर, कॉम्प्युटरचे सुटे भाग, काय हवं ते मागा. या गर्दीतून एक मुलगा चाललाय. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट, तान्हं बाळ घ्यावं तसं छातीशी धरलेलं.

त्याला नवीन ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र रंगवणारा भाग, घ्यायचाय. पैसे जमलेत. पण मित्राने सांगितलंय, आधी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दादांना दाखव.

(दृश्य: वाड्याचा लाकडी जिना. खाली पोळी-भाजी केंद्र.)

दादांचं वर्कशॉप शनिवार पेठेत, वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. खाली पोळी-भाजी केंद्र. शूटिंगचे दोन्ही दिवस आमच्या कॅमेऱ्यात पोळ्यांचा वाफाळता वास सोडून बाकी सगळं आलं.

मुलगा सांगतो, "दादा, गेम लॅग मारतो. कार्ड बदलायचंय."

दादा म्हणतात, "बदलू की. आधी अडतंय कुठे ते तर बघू."

(दृश्य: स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात हिरवे आकडे.)

गेम चालू असताना कोपऱ्यात हे आकडे दिसतात, ते दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एमएसआय आफ्टरबर्नर. आता आकडे नीट बघा. फ्रेम, म्हणजे पडद्यावर येणारी एकेक चित्रं, सेकंदाला ५८. ग्राफिक्स कार्ड ६२ टक्के. प्रोसेसर ३८ टक्के.

मुलगा चक्रावतो. दोघंही अर्धे रिकामे, मग गेम अडखळतो कशाने?

(दृश्य: पोळी-भाजी केंद्र. एक बाई लाटतेय, दुसरी भाजतेय.)

उत्तर खालच्या मजल्यावर आहे. एक लाटते, एक भाजते. प्रोसेसर लाटणारा. कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडलं की नाही, हे सगळं ठरवून तो प्रत्येक फ्रेमची तयारी करून पुढे सरकवतो. ग्राफिक्स कार्ड भाजणारं. लाटलेल्या पोळ्यांची चळत साचली, तर तवा कमी पडतोय. तेव्हा कार्ड ९५ टक्क्यांच्या वर धावताना दिसतं. फ्रेमवर मर्यादा घातलेली नसताना कार्ड ६२ वर रेंगाळत असेल, तर तवा तापून बसलाय आणि पोळीच येत नाहीये.

मग प्रोसेसर ३८ टक्केच का दिसतो? कारण ती सरासरी आहे. या रायझन ५ ३६०० प्रोसेसरमध्ये ६ कोअर, म्हणजे काम करणारे भाग, आणि १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारे कामाचे धागे. बारा जणी ओट्याशी उभ्या आहेत, पण कणीक मळणारी एकच. ती घामाघूम, बाकीच्या लाटणं हातात धरून तिची वाट बघतायत. एक थ्रेड शंभर टक्के भरला तरी एकूण आकड्यात त्याची भर जेमतेम ८ टक्क्यांची.

हे दुखणं जुनं आहे. वाटून देता न येणारं काम बाकी सगळ्यांचा वेग ठरवतं, हे संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच मांडलं होतं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने १९९१ मध्ये याच पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा केला. अनेक प्रोसेसर एकत्र जुंपलेल्या त्या यंत्रापुढेही प्रश्न हाच होता.

(दृश्य: सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२०.)

आता पडताळणी. दादा चित्रातले ठिपके मुद्दाम कमी करतात. कार्डावरचा भार निम्म्याहून कमी होतो. अडचण कार्डाची असती, तर फ्रेम उसळल्या असत्या. आकडा बघा. ५९.

नवीन कार्ड आणलं असतं, तर ते असंच रिकामं बसलं असतं.

(दृश्य: तापमानाचा आकडा, क्लोजअप. ९५.)

हा आकडा प्रोसेसरच्या तापमानाचा. या प्रोसेसरची हद्द ९५ अंश. हद्द गाठली की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. ४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास धावायचा, तो ३.२ वर आलाय.

(दृश्य: कॅबिनेटची काच उघडते. धूळ.)

आतलं चित्र आम्ही मुद्दाम कापलेलं नाही. कूलरच्या पात्यांमध्ये धुळीची अख्खी गोधडी. मुलाची खोली रस्त्याकडेला, समोर इमारतीचं बांधकाम, कॅबिनेट जमिनीवर. झालं.

ब्लोअर मारताना दादांचं बोट बघा, पंख्याच्या पात्यावर दाबून धरलंय. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरू नये म्हणून.

आता कूलर काढायचा. इथे भल्याभल्यांची फसगत होते. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट मधे असते, ती वाळली की कूलरला प्रोसेसर घट्ट चिकटवून ठेवते. सरळ वर ओढलं तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बाहेर येतो. त्याच्या पोटाला केसासारख्या १३३१ पिना. म्हणून आधी दहा मिनिटं मशीन तापवायचं, मग बंद करून प्लग काढायचा. पेस्ट मऊ पडलेली असते. चार स्क्रू सोडायचे. कूलर डावीकडे किंचित, उजवीकडे किंचित, लिंबू पिळावं तसा. आणि मग...

(तीन सेकंद शांतता. मूळ आवाज राहू द्यावा: चिकट सुटल्याचा.)

सुटला. जुनी पेस्ट सहाणेवर वाळलेल्या गंधासारखी. ती अल्कोहोलने पुसून काढायची. नवी, वाटाण्याएवढी. आमच्या कॅमेरामनला ती कमी वाटली. दादांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

परत मोजणी. तापमान ७६. फ्रेम ६६. एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच मोजायचं, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

(दृश्य: टास्क मॅनेजर. मेमरीचा टॅब.)

अजून एक गाठ आहे, आणि ती बघायला वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा. उजवीकडे खाली दोन ओळी. वेग २४००. स्लॉट, चारपैकी एक.

रॅमच्या स्टिकवरचं लेबल बघा. ३२००. वेगाचे पैसे दिलेत, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालूच केलेलं नाही. रॅमला लेबलवरच्या वेगाने पळवणारा पर्याय तो. आणि १६ जीबीची एकच स्टिक, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन मार्गिकांपैकी एक बंद. मशीन जोडून देणाऱ्या दुकानदाराने हे दोन मिनिटांचं काम का केलं नाही, ते त्यालाच ठाऊक. कणीक मळणारीला पीठच पुरेसं मिळत नव्हतं.

तशीच दुसरी स्टिक येते. प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. टक. टक. बायोसमध्ये एक्सएमपी चालू.

(दृश्य: जुना आणि नवा फ्रेम-टाइम आलेख, शेजारी शेजारी.)

सरासरी ५८ होती, ती ८१. पण दादांचं बोट दुसऱ्याच आकड्यावर आहे. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग आधी २३ होता, आता ६१. साठच्या वेगात एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. २३ च्या वेगाला तीच एक फ्रेम ४३ मिलिसेकंद खाते. पंगतीत चाळीस पोळ्या वेळेवर आल्या आणि एक उशिरा आली, तर जेवणारा ताटात हात धरून बसतो तो त्या एकीसाठी. डाव्या आलेखातले सुळके म्हणजे ते थांबलेले हात.

बिल झालं एक रॅम, पेस्ट आणि मजुरीचं. कार्डाचा बेत रहित.

(दृश्य: मुलगा चादर घडी करतोय. दादा थांबवतात.)

मुलगा निघालाच होता. दादा विचारतात, "मॉनिटर कितीचाय तुझा?"

"एकशे चव्वेचाळीस हर्ट्‌झ."

"विंडोजमध्ये किती लावलंयस?"

(दृश्य: मुलाचा चेहरा. मग डिस्प्लेची सेटिंग. ६०.)

स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच बदलत होती. मशीन घेतल्यापासून.

दादा माउस त्याच्याकडे सरकवतात. यादी उघडते. १४४.

(निवेदन नाही. मुलगा माउस गोल गोल फिरवत राहतो. खालून लाटण्याचा आवाज.)