भुलेतल्या मेंदूवर नजर

मंडळी, ऑपरेशनआधी तपासणीला आलेला माणूस 'कुठलं औषध देणार?' असं मला क्वचितच विचारतो. 'डॉक्टर, मधेच जाग आली तर?' हे मात्र सगळेच विचारतात. पंचवटीतल्या आजी असोत नाहीतर सातपूरच्या कारखान्यातला तरुण. ब्रिटनमध्ये २०१४ साली मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात अशी तक्रार साधारण १९,००० पूर्ण भुलींमागे एक निघाली. सिझेरियनसाठी पूर्ण भूल दिली असेल तर प्रमाण बरंच जास्त होतं. म्हणजे भीती मोठी, धोका लहान, पण खोटा नाही.

पूर्ण भूल म्हणजे एकच औषध नव्हे. झोपवणारं वेगळं, दुखणं थांबवणारं वेगळं, स्नायू सैल करणारं वेगळं. घोळ होतो तो या तिसऱ्यामुळे. १८४६ साली बॉस्टनला मॉर्टनने ईथर दिलं, तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षं भूल हलकी पडली की पेशंट हात-पाय हलवायचा आणि डॉक्टरला कळायचं. १९४२ मध्ये माँट्रियलला ग्रिफिथ यांनी क्युरारे हे स्नायू सैल करणारं औषध वापरलं. सर्जनची सोय झाली, पोट सैल मिळू लागलं. पण ती खूण गेली. जाग आली तरी माणूस बोट हलवू शकेना. उरले नाडी आणि रक्तदाब, आणि नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तोही भरवसा अर्धाच.

मग मेंदूलाच विचारावं. डोक्यावरून मेंदूच्या विद्युतलहरी टिपणं हान्स बर्गर यांनी १९२४ मध्येच साधलं होतं. आज कपाळाला एक चिकटपट्टी लावली की यंत्र त्या लहरींचा एक आकडा करून दाखवतं. 'बिस' नावाच्या यंत्राला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जागा माणूस शंभराच्या जवळ, ऑपरेशन चालू असताना ४० ते ६०.

मला स्वतःला आकड्यापेक्षा त्याच्या शेजारची लहरींची रेघ जास्त आवडते. शिरेतून प्रोपोफॉल हे झोपवणारं औषध जाऊ लागलं की जागेपणीची बारीक, घाईची थरथर विरते आणि मोठ्या संथ लाटा येतात. त्या लाटांवर सेकंदाला दहाएक ठेक्यांची एकसारखी नक्षी उमटते. डोस वाढतच गेला तर रेघ सपाट, मधेच उसळी, पुन्हा सपाट. सत्तरी ओलांडलेल्यांत हे थोडक्या औषधातही होतं. तिथे हात आखडता घ्यावा. तेवढ्याने ऑपरेशननंतरचा भ्रम टळतो का, यावर मात्र अभ्यासांचं एकमत नाही.

आकडा फसवतोही. केटामिन हे भुलेचं औषध दिलं की पेशंट गाढ असूनही तो वर चढतो. उलट, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना फक्त स्नायू सैल करणारी औषधं दिली, तर आकडा साठाच्याही खाली गेला! माणसं जागी, सगळं ऐकू येतंय, आणि यंत्र म्हणतंय झोपलीत. कारण कपाळाच्या स्नायूंची हालचालही ते हिशेबात धरतं. सर्जनने कॉटरी, म्हणजे रक्तस्राव थांबवायला विजेने डागणारं हत्यार, चालवली की तिचा गोंगाट वेगळाच.

सरसकट प्रत्येकाला पट्टी लावा, असं मी म्हणणार नाही. भूल वायूची असेल तर श्वासातून बाहेर पडणारा वायू मोजता येतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ६,००० पेशंटांच्या अभ्यासात बिस त्याहून सरस ठरलं नाही. पण सगळी भूल शिरेतून पंपाने चाललेली असेल आणि स्नायूही सैल केलेले असतील, तर औषध मेंदूपर्यंत किती पोचलं हे श्वासात दिसत नाही. सलाइनची नळी निसटून औषध चादरीत मुरत असलं तरी पंप आपला चालूच. तिथे पट्टी हवीच, आणि हे मी ठामपणे सांगतो.

राहता राहिलं तुमचं काम. रोज पिणाऱ्याला भुलेचं औषध बहुधा जास्त लागतं. पण तपासणीत मुलगा शेजारी बसलेला असला की उत्तर येतं, 'कधीतरी, लग्नाकार्यात.' म्हणून मी नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवतो. मग खरा हिशेब निघतो. झोपेच्या गोळ्या चालू असतील, किंवा मागच्या ऑपरेशनमध्ये काही ऐकू आल्याचं आठवत असेल, तर तेही तेव्हाच सांगा. कागदावर तशी नोंद असली की आम्ही आधी पट्टी लावतो, मग औषध सुरू करतो.