मारखोराचे ऐंशी टक्के

(दृश्य: पहाट. ओढ्यापलीकडचा कडा. बर्फ फक्त सावलीच्या बाजूला.)

डिसेंबर २०२४. उत्तर पाकिस्तानातलं चित्राल, तिथलं तोशी-शाशा राखीव क्षेत्र. एका अमेरिकन शिकाऱ्यानं इथं एक मारखोर मारला. त्या परवान्यासाठी त्यानं लिलावात मोजले होते २ लाख ७१ हजार डॉलर. नियमानं यातले ८० टक्के, म्हणजे २ लाख १६ हजार ८०० डॉलर, त्या भागातल्या गावांचे. उरलेले ५४ हजार २०० सरकारचे.

बातम्यांमध्ये आकडा आला, शिंगांचा फोटो आला. त्या फोटोच्या आधी डोंगरात काय काय घडावं लागतं आणि नंतर काय काय बिनसतं, ते बातमीत मावत नाही.

(दृश्य: मारखोर नर, जवळून. मानेची आयाळ वाऱ्यावर.)

मारखोर म्हणजे रानबोकड. शिंगं स्क्रूसारखी पिळाची. मोठ्या नराची दीड मीटरलाही पोहोचतात. मादीची जेमतेम वीतभर. वजनाला थोराड नर शंभर किलोच्या पुढे जातो. फारसीत मार म्हणजे साप आणि खोर म्हणजे खाणारा, पण हा प्राणी साप खात नाही. गवत खातो, झुडपांचा पाला खातो, आणि त्यासाठी तिरक्या झाडावरही चढतो. उन्हाळा उंचावर काढतो. हिवाळ्यात बर्फ पडलं की खाली उतरतो, थेट गावांच्या माथ्यावरच्या कड्यांपर्यंत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माजावर येतो आणि एरवी एकटे फिरणारे म्हातारे नर कळपात शिरतात. शिकारीचा हंगाम याच दिवसांना धरून ठेवलेला असतो. चोरट्या शिकाऱ्यालाही हेच दिवस सोयीचे.

शिकारीच्या पैशातून राखण करण्याची ही सुरुवात बलुचिस्तानातल्या किल्ला सैफुल्लाह जिल्ह्यात, तोरघरच्या डोंगरात झाली. १९८०चं दशक. शेजारी अफगाणिस्तानात युद्ध पेटलेलं, स्वयंचलित बंदुका घरोघरी पोहोचलेल्या. तोरघरमध्ये मारखोर शंभराच्याही खाली आले होते. तिथल्या जोगेझई घराण्याच्या नवाबानं वन्यजीव तज्ज्ञांशी बोलून एक साधा सौदा केला. गावकऱ्यांनी शिकार सोडायची. त्यांच्यातल्याच शिकाऱ्यांना राखणदार म्हणून पगारावर घ्यायचं. पगाराचा पैसा यायचा वर्षाला एक-दोन परदेशी शिकाऱ्यांकडून. ज्याला प्रत्येक पायवाट आणि प्रत्येक आडोसा ठाऊक आहे, त्यालाच पहाऱ्यावर बसवायचं. यात भाबडेपणा नव्हता, हिशेब होता.

आकडे पाहा. १९९४च्या गणनेत तोरघरमध्ये साधारण ७०० मारखोर, १९९९मध्ये जवळपास १,७००, आणि २०११पर्यंत साडेतीन हजारांच्या घरात. मध्ये १९९८पासूनचा बलुचिस्तानातला भीषण दुष्काळ येऊन गेला. शेळ्यामेंढ्या मेल्या, चराई उजाड झाली. त्या काळात राखणदाराचा पगार हे कित्येक घरांचं एकमेव रोख उत्पन्न होतं.

(दृश्य: नकाशा. बलुचिस्तान, चित्राल, गिलगिट.)

मारखोर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे शिंगं देशाबाहेर न्यायची तर निर्यातीचा परवाना लागतो आणि ज्या देशात न्यायची तिथला आयातीचाही. १९९७मध्ये हरारेच्या बैठकीत पाकिस्तानला वर्षाला ६ नरांचा कोटा मिळाला, २००२मध्ये तो १२ झाला. बलुचिस्तान, आताचा खैबर पख्तुनख्वा आणि पाकिस्तानच्या ताब्यातलं गिलगिट-बाल्टिस्तान, यांच्या वाट्याला प्रत्येकी चार. २०१५मध्ये मारखोर धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गातून दोन पायऱ्या खाली, ‘संकटसमीप’ वर्गात आला. श्रेय एकट्या शिकारीच्या पैशाला देता येणार नाही, कारण चित्राल गोलसारख्या राष्ट्रीय उद्यानात शिकार नाही आणि मारखोर तिथंही आहेत. पण उद्यानाबाहेरच्या डोंगरांत राखणदाराचा पगार कुठून आला, हा प्रश्न विचारला की उत्तर याच परवान्यांपाशी येतं.

कोटा ठरतो गणनेवरून, आणि या साखळीची सगळ्यात कच्ची कडी गणनाच आहे.

(दृश्य: दोन माणसं, तिपाईवर दुर्बीण, गुडघ्यावर वही.)

गणना होते पहाटे आणि संध्याकाळी, जनावर चरायला उघड्यावर येतं तेव्हा. दुपारी मारखोर खडकाच्या सावलीत रवंथ करत बसतो आणि राखाडी अंग खडकात मिसळून जातं. एकाच टोळीनं मोजलं तर काही कळप सुटणारच. म्हणून दोन टोळ्या तोच भाग स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता मोजतात. प्रत्येक कळपाची जागा, वेळ, त्यात नर किती, माद्या किती, करडं किती, हे नोंदवतात. मग वह्या जुळवायच्या. समजा पहिल्या टोळीला २० कळप दिसले, दुसरीला १८ आणि दोघींना मिळून सामाईक १५. तर २० गुणिले १८, भागिले १५, म्हणजे अंदाजे २४ कळप. प्रत्यक्ष दिसले २३. एक कळप दोघींनाही चुकला, असं गणित सांगतं.

गणित सोपं, माणसं अवघड. ज्या गावाला परवान्याचे पैसे मिळणार, त्याच गावचे लोक मोजणार असतील तर आकडा फुगण्याचा मोह आहे. शिवाय एकच कळप सकाळी या नाळेत, संध्याकाळी पलीकडच्या नाळेत. दोन्ही खोऱ्यांनी वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर तो दोनदा लागतो. यावर उपाय म्हणजे लागून असलेली खोरी एकाच दिवशी मोजायची आणि टोळीत एक माणूस शेजारच्या खोऱ्यातला ठेवायचा. तो डोळ्यांत तेल घालून बघतो, कारण यांचा आकडा फुगला तर परवाना यांच्याकडे जाणार.

डोंगरी शेळ्यामेंढ्यांसाठी जपून धरलेला ठोकताळा असा: एकूण संख्येच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जायचं नाही. २०० जनावरांच्या खोऱ्यात वर्षाला दोन ते चार, आणि तेही फक्त म्हातारे नर. करडांचं प्रमाण घसरलं असेल तर त्या वर्षी शून्य.

म्हातारा नर ओळखायचा कसा?

(दृश्य: शिंगाचा जवळून फोटो. बोट एका खाचेवर.)

हिवाळ्यात शिंगाची वाढ थांबते आणि तिथं खाच पडते. खाचा मोजल्या की वय कळतं. आयबेक्स या दुसऱ्या रानबोकडाच्या बाबतीत नवखा माणूस इथंच फसतो. आयबेक्सच्या शिंगावर पुढच्या अंगाला ठसठशीत गाठी असतात. त्या वर्षाच्या खुणा नव्हेत. एका वर्षात एकाहून जास्त गाठी येतात. खऱ्या खाचा बाजूला आणि मागच्या अंगाला, बारीक. गाठी मोजल्या तर सहा वर्षांचा नर बारा वर्षांचा वाटतो आणि जायचं ते जनावर राहून भलतंच जातं. मारखोरात लांबून खाचा दिसणं कठीणच, तेव्हा अंगावरून अंदाज बांधतात. थोराड नराची आयाळ हनुवटीपासून छाती झाकत गुडघ्यांकडे लोंबते, अंगाचा रंग फिकट राखाडी होतो, मान जाड दिसते. घाईत असलेल्या पाहुण्याला ‘हा नको, थांब’ असं सांगण्याचा अधिकार सोबतच्या वन्यजीव कर्मचाऱ्याला आहे का, यावर सगळं अवलंबून. कागदावर असतोच.

आता गोळी. डोंगरात अंतर फसवतं. समोर ४०० मीटरवर, ४० अंशांच्या उतारावर नर उभा आहे. गुरुत्वाकर्षण गोळीला खाली ओढतं ते आडव्या अंतराच्या हिशेबानं, आणि ते अंतर इथं फक्त ३०६ मीटर. चारशेचा नेम धरला तर गोळी वरून जाते किंवा पाठीला चाटून जाते. जखमी जनावर कड्यात शिरलं की सापडत नाही. म्हणून चांगल्या व्यवस्थेत नियम कडक असतो: रक्त सांडलं की परवाना संपला, जनावर हाती लागो वा न लागो. दुसरी चूक उभ्या कड्यावरच्या नरावर गोळी झाडण्याची. तो दोनशे मीटर खाली कोसळतो आणि ज्या शिंगांसाठी एवढा खटाटोप, तीच फुटतात. अनुभवी वाटाड्या नर सपाट बांधावर येईपर्यंत थांबवतो, मग त्याला तास लागो की दिवस.

नंतरचं काम कारकुनी. मुळापासून टोकापर्यंत पिळाच्या कडेकडेनं टेप लावून शिंग मोजायचं, खाचा मोजायच्या, दोन्ही आकडे नोंदवायचे, खूणचिठ्ठी अडकवायची. कातड्याला मीठ चोळून ते वाळवायचं. शिंगं आणि कातडं पाहुण्याचं, मटण गावाचं. त्या वयाच्या नोंदी पुढच्या वर्षी कुणी उघडून पाहिल्या, तरच त्यांना अर्थ. मारलेल्या नरांचं वय दरवर्षी खाली येत असेल तर कोटा जास्त झाला आहे, हे गणनेच्याही आधी तिथं दिसतं.

कॅनडातल्या अल्बर्टाच्या राम माउंटनवर बिगहॉर्न मेंढ्यांचा अभ्यास झाला. २००३मध्ये आलेल्या शोधनिबंधानुसार सुमारे ३० वर्षांत तिथल्या नरांची शिंगं आणि वजन घटलं होतं. घट किती आनुवंशिक, किती चाऱ्यापाण्याची, यावर वाद पुढे चालू राहिला. पण तिथला नियम लक्षात घ्या: शिंग ठरावीक वळणाचं झालं की नर मारायला मोकळा, संख्येवर मर्यादा नाही. त्यामुळे झपाट्यानं शिंगं वाढवणारा तरुण नर फारशी पिल्लं मागे न ठेवताच जायचा. शिंगाच्या लांबीवर परवाना देणं आणि वयावर देणं यात हा फरक आहे, आणि लिलावाच्या जाहिरातीत मात्र लांबीच मोठ्या अक्षरात छापली जाते.

(दृश्य: गाव. पाटाचं पाणी. दारात शेळ्या.)

पैशाकडे येऊ. ८० टक्क्यांचा चेक गावाच्या संवर्धन समितीच्या खात्यात जातो. त्यातून पाट दुरुस्त होतात, शाळेची खोली होते, रस्ता होतो, राखणदारांचे पगार निघतात. पैसा आधी सरकारी तिजोरीत जमा होऊन मग खाली येतो, तिथं तो रेंगाळतो. शिकार डिसेंबरात आणि चेक पुढच्या हंगामातही नाही, असं झालं की राखणदार बिनपगारी. बिनपगारी राखणदार दुसऱ्या कामाला जातो. तो गेला हे चोरट्या शिकाऱ्याला वन्यजीव खात्याच्या आधी कळतं.

दुसरं भांडण हद्दीचं. मारखोर उन्हाळा एका गावाच्या कुरणात काढतो, हिवाळ्यात दुसऱ्याच्या कड्यावर येतो. गोळी लागली तिथल्याला चेक, तर सहा महिने चारा सोडून देणाऱ्याला काय? ज्या खोऱ्यांनी वाटणी शिकारीआधी लिहून ठेवली, तिथं वाद गावातच मिटतो. लिहून न ठेवलेल्या ठिकाणी वरचं गाव आपल्या शेळ्या मारखोराच्या चाऱ्यात सोडतं. भांडायला त्याला कोर्ट लागत नाही.

समितीत बसतात पुरुष, बहुधा जमीनवाले. बर्फातला चारा गोळा करणाऱ्या, शेळ्या सांभाळणाऱ्या बायकांना रक्कम किती आली हेही कित्येकदा माहीत नसतं. आणि सगळ्याच खोऱ्यांत मारखोर नाहीत. आयबेक्सच्या परवान्याचे काही हजार डॉलरच येतात. तेवढ्यात वर्षभराचा पहारा निघत नाही, तरी त्या गावांना गोष्ट मात्र मारखोराच्या लाखांचीच सांगितली जाते.

आलेल्या पैशातून लोक शेळ्या घेतात, हेही होतं. रोकड आली तर डोंगरात माणूस जनावरच घेणार, बँक तीच. पण वाढलेल्या शेळ्या मारखोराचाच चारा खातात आणि रोग देतात. २०१०च्या शरदात ताजिकिस्तानात फुफ्फुसाच्या संसर्गानं किमान ६४ मारखोर मेले. जंतू मायकोप्लाझ्मा, शेळ्यांमध्ये आढळणारा. एका साथीत गेलेली जनावरं पाकिस्तानच्या पाच वर्षांच्या कोट्याहून जास्त. तेव्हा आलेल्या रकमेतला पहिला खर्च गावच्या शेळ्यांच्या लसीकरणावर व्हायला हवा. पण लसीवर नावाची पाटी लावता येत नाही, पुलावर येते.

राहिला हिमबिबट्या. तो मारखोर खातो. ज्या नराचे लाख-दोन लाख डॉलर येणार, त्याला बिबट्यानं फाडलं तर गावाला बिबट्या चोर वाटायला लागतो. उलट बाजूही खरी: रानात शिकार भरपूर असेल तर तो गोठ्याकडे कमी वळतो. बाल्टिस्तानात १९९९पासून स्कोयो गावातून सुरू झालेल्या योजनेत गुराखी शेळीमागे हप्ता भरतात आणि बिबट्यानं शेळी मारली तर भरपाई मिळते. असा विमा आणि परवान्याचा पैसा एकाच समितीच्या हातात असला, तर बिबट्यावरचा राग थोडा तरी निवतो. भारतात १९७२च्या कायद्यानं हा शिकारीचा मार्गच बंद आहे. लडाखमध्ये गावकऱ्यांनी बिबट्या पाहायला येणाऱ्यांना घरात उतरवून पैसा उभा केला. तोही मार्ग चालतो, मात्र त्याला रस्ता, विमानतळ आणि शांतता लागते. तोरघरला पर्यटक कोण पाठवणार?

(दृश्य: रिकामी छावणी. वारा.)

परवान्याच्या पैशाला मोठा धोका डोंगराबाहेरून येतो. गिऱ्हाईक मोजके, त्यातले बरेच अमेरिकन. २०१४मध्ये अमेरिकेनं ‘सरळ शिंगांचा मारखोर’ या तोरघरमधल्या उपजातीचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून खाली आणून आयातीची वाट सुकर केली. उद्या नियम फिरला, सीमेवर गोळीबार झाला, साथ आली, तर लिलावाला कुणी येणार नाही. मारखोर मात्र त्या हिवाळ्यातही कड्यावरून खाली उतरणार. म्हणून जाणत्या समित्या आलेल्या रकमेतून आधी दोन वर्षांचे राखणदारांचे पगार वेगळ्या खात्यात टाकतात, आणि उरलेल्यात पूल किती लांबीचा होतो ते नंतर बघतात.