कॉफीच्या टेबलावर विचारलेला प्रश्न

[दृश्य : कॅफेच्या आतली गर्दी. कप, माईकच्या वायरी, खांद्याला खांदा लावून उभे कॅमेरामन.]

७ जानेवारी २००८. सोमवारची सकाळ. अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशर नावाचं एक छोटं राज्य आहे, आणि त्या राज्यात समुद्राकाठी पोर्ट्समथ हे गाव. गावातल्या कॅफे एस्प्रेसोमध्ये सोळाएक मतदार टेबलाभोवती बसलेत. बहुतेक बायका. मत कुणाला द्यायचं, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. त्यांच्यामागे पत्रकारांची दाटी, मतदारांच्या कितीतरी पट.

टेबलाशी बसलेल्या या बाईंना जग ओळखतं. हिलरी क्लिंटन. वय साठ. न्यूयॉर्कच्या सिनेटर, माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, आणि आता राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी स्वतः मैदानात उतरलेल्या. उद्या इथे मतदान आहे.

बराच वेळ प्रश्नोत्तरं चालू आहेत. मग एक मतदार बाई म्हणतात, माझा प्रश्न जरा खासगी आहे. बाईमाणसाला आवरून घराबाहेर पडणंच किती अवघड असतं, ते मला ठाऊक आहे. तुम्ही हे सगळं कसं निभावता? एवढ्या उत्साही कशा राहता? आणि जाता जाता : तुमचे केस कोण करून देतं?

सगळे हसतात. हिलरीही हसतात. खास दिवशी मदतीला कुणीतरी असतं, असं सांगतात. पण टीव्हीवाले आणि वेबसाइटवाले नेमका मदत नसलेला दिवस शोधून काढतात, असंही.

आता नीट बघा.

[मूळ चित्रफीत. निवेदन थांबतं.]

आवाज खाली आला. माईक हातात तसाच आहे. "हे सोपं नाही," त्या म्हणतात. "हेच करणं योग्य आहे असं मला मनापासून वाटत नसतं, तर मला हे जमलंच नसतं." मग क्षणभर थांबतात. "या देशाने मला खूप संधी दिल्या. आपण मागे पडू नये, एवढंच मला वाटतं." इथे आवाज कापतो. टेबलाभोवती टाळ्या वाजतात. "हे माझ्यासाठी फार व्यक्तिगत आहे. हे फक्त राजकारण नाही."

चित्र इथे थांबवूया. डोळ्यांत पाणी आहे. गळा दाटून आलाय. पण गालावर अश्रू कुठे आहे? ओघळलेलाच नाही. हुंदका नाही, रुमाल नाही. बोलणंही तुटलेलं नाही; वाक्य पूर्ण झालंय. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मात्र देशभर बातमी झाली होती : हिलरी रडल्या.

[दृश्य : बर्फाने भरलेली शेतं, शाळेच्या हॉलमध्ये जमलेले लोक.]

त्या डोळ्यांत पाणी का आलं, हे समजून घ्यायला चार दिवस मागे जावं लागेल.

आपल्याकडे उमेदवाराचं तिकीट पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत ते मतदार ठरवतात, एकेका राज्यात, महिनोन्‌महिने. २००८ मध्ये पहिला मान आयोवाचा होता. ३ जानेवारीच्या रात्री तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार जमले, आणि वर्षभर ज्यांचं नाव सगळ्यात पुढे होतं त्या हिलरी तिसऱ्या आल्या. बराक ओबामा ३७.६ टक्के, जॉन एडवर्ड्स २९.७, हिलरी २९.४. सगळ्यात जास्त लागलं ते हे, की आयोवात बायकांनीही ओबामांनाच जास्त पसंती दिली होती : ३५ टक्के त्यांना, ३० टक्के हिलरींना.

पुढचा टप्पा न्यू हॅम्पशर, मध्ये फक्त पाच दिवस. न्यू हॅम्पशरचा मतदार उमेदवाराला समोरासमोर बघून, हात मिळवून, प्रश्न विचारून मत देतो, आणि त्याचा त्याला अभिमान आहे. कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेला मतदारसुद्धा इथे कुठल्याही एका पक्षाच्या प्राथमिक फेरीत मत देऊ शकतो. असे मतदार इथे भरपूर आहेत. त्यामुळे वारं कधीही फिरतं. पण त्या आठवड्यात वारं एकाच दिशेने होतं. जनमत चाचण्यांत ओबामा सरासरी आठ टक्क्यांनी पुढे होते, काही चाचण्यांत तर तेरा टक्क्यांनी.

[दृश्य : ५ जानेवारीची वादसभा. चौघे उमेदवार टेबलाशी.]

शनिवारी रात्री सेंट अँसेल्म कॉलेजात उमेदवारांची वादसभा झाली. स्थानिक वाहिनीच्या पत्रकाराने हिलरींना विचारलं, मतदारांना तुमचा अनुभव पटतो, पण आवडतात त्यांना ओबामा. यावर तुमचं काय म्हणणं? पुरुष उमेदवाराला हा प्रश्न असा भर सभेत विचारल्याचं मला तरी आठवत नाही. हिलरी हसल्या आणि म्हणाल्या, "आता मात्र मी दुखावले." सभागृहात हशा. "तरी मी पुढे चालत राहीन." तेवढ्यात ओबामा, मान खालीच ठेवून : "तुम्ही पुरेशा आवडण्याजोग्या आहात, हिलरी."

हे दृश्य पुन्हा बघा. 'पुरेशा' हा शब्द ऐका. त्या रात्री घरोघरी सोफ्यावर बसून बायकांनी तो ऐकला.

[दृश्य : सेलम. सभेत मध्येच उभे राहिलेले दोन तरुण, हातात फलक.]

आणि हे सेलममधलं. कॅफेतल्या त्या सकाळनंतर काही तासांनी, त्याच सोमवारी. हिलरी भाषण करतायत आणि दोन पुरुष ओरडायला लागतात : "माझ्या शर्टाला इस्त्री कर!" तेच शब्द हातातल्या फलकावर. उमेदवार थांबल्या, सभागृहातले दिवे लावायला सांगितले, आणि म्हणाल्या, "लिंगभेदाचे अवशेष अजून जिवंत आहेत."

देशाचं सर्वोच्च पद मागणाऱ्या बाईला भर सभेत इस्त्री करायला सांगितलं जातं. न्यू हॅम्पशरमधल्या कुठल्याही बाईला ही ओळ समजावून सांगावी लागली नाही. आपल्याकडच्याही नाही.

[दृश्य : टीव्हीच्या पडद्यांची भिंत. तीच चित्रफीत, वेगवेगळ्या वाहिन्यांवर.]

आता प्रतिक्रिया.

जॉन एडवर्ड्स त्या दुपारी म्हणाले, सेनाप्रमुख होणाऱ्या माणसाकडे कणखरपणा आणि निर्धार हवा. प्रचार कठीण असतो, पण राष्ट्राध्यक्षपदही कठीणच असतं. ओबामांनी मात्र यावर बोलणं टाळलं. हा सगळा प्रवास दमवणारा असतो, एवढंच म्हणाले. निकालानंतर त्यांच्या प्रचाराचे एक राष्ट्रीय सहअध्यक्ष जेसी जॅक्सन ज्युनिअर यांनी टीव्हीवर विचारलं, २००५ च्या कतरिना चक्रीवादळात लोकांची घरं गेली तेव्हा हे अश्रू कुठे होते? न्यूयॉर्क टाइम्सच्या स्तंभलेखिका मॉरीन डाउड यांच्या लेखाच्या मथळ्यातच प्रश्न होता : हिलरी रडत रडत व्हाइट हाउसमध्ये परत जाऊ शकतील का?

म्हणजे एकाच डोळ्यातल्या पाण्याचे दोन अर्थ. एकीकडे, ही कोलमडली, हिला झेपणार नाही. दुसरीकडे, हे नाटक आहे, मतांसाठी काढलेले नक्राश्रू. त्याआधी वर्षभर याच बाईंवर आरोप काय होता? फार थंड आहेत, हिशेबी आहेत, मनातलं चेहऱ्यावर दिसू देत नाहीत.

[दृश्य : कृष्णधवल. बर्फ पडतोय. ट्रकवर उभा उंच माणूस.]

राजकारणात डोळ्यांतलं पाणी पहिल्यांदाच मोजलं गेलं, असं नाही. हे न्यू हॅम्पशरच. मँचेस्टर शहर, फेब्रुवारी १९७२. सिनेटर एड मस्की डेमोक्रॅटिक उमेदवारीचे पहिले दावेदार होते. इथल्या युनियन लीडर या वृत्तपत्राने त्यांच्या पत्नीवर गलिच्छ मजकूर छापला. मस्की थेट त्या वृत्तपत्राच्या कार्यालयासमोर ट्रकवर उभे राहिले, बर्फ पडत असताना, आणि बोलता बोलता त्यांचा गळा दाटला. ते रडले, असं पत्रकारांनी लिहिलं. चेहऱ्यावर वितळलेला बर्फ होता, असं मस्की म्हणत राहिले. प्राथमिक फेरी ते जिंकले, पण अपेक्षेपेक्षा कमी मतांनी, आणि पुढे त्यांचा प्रचार ढासळला. या फ्रेममध्ये बर्फ कुठला आणि अश्रू कुठला, ते आजही सांगता येत नाही.

[दृश्य : डेन्व्हर, १९८७. व्यासपीठावर पॅट श्रोडर, शेजारी पती.]

आणि ही दुसरी चित्रफीत. हिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण पोर्ट्समथच्या कॅफेत हिलरींच्या पाठीशी जणू ही बाई उभी होती. पॅट श्रोडर. कोलोराडोतून १९७३ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी डेन्व्हरमध्ये जाहीर केलं, की मी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणार नाही. समोरच्या समर्थकांमधून निराशेचा सूर उठला, आणि श्रोडर यांना रडू आवरेना. शेजारी उभ्या नवऱ्याच्या खांद्यावर त्यांनी क्षणभर डोकं टेकवलं.

त्यानंतर त्यांची टर उडवली गेली. विनोदी कार्यक्रमांत नकला झाल्या. बायकांना पदावर बसवलं तर हे असं होणार, असं लोक म्हणाले. बायकांची मान खाली गेली, असं काही बायकांनीही लिहिलं. श्रोडर यांनी मग एक फाइल करायला घेतली. जाहीरपणे रडलेल्या राजकारणी पुरुषांची कात्रणं त्यात जमा होऊ लागली, आणि ती वर्षानुवर्षं वाढत गेली. त्या २०२३ मध्ये वारल्या.

त्या फाइलीत घालण्याजोगं आणखी एक कात्रण २००८ च्याच प्रचारातलं आहे. पोर्ट्समथच्या तीन आठवडे आधी रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांचे डोळे टीव्हीवरच्या मुलाखतीत पाणावले होते, त्यांच्या चर्चने कृष्णवर्णीयांवरचे निर्बंध उठवल्याची आठवण सांगताना. त्यावरून पुरुष जात राष्ट्राध्यक्षपदाला लायक आहे की नाही, अशी चर्चा झाली नाही.

[दृश्य : डिक्सव्हिल नॉच. मध्यरात्र. मतपेटी.]

८ जानेवारी. परंपरेप्रमाणे पहिलं मतदान मध्यरात्री डिक्सव्हिल नॉच या चिमुकल्या वस्तीत झालं. डेमोक्रॅटिक मतं फक्त दहा : ओबामा सात, एडवर्ड्स दोन, चौथे उमेदवार बिल रिचर्डसन एक. हिलरी शून्य.

[दृश्य : दिवसाउजेडी मतदान केंद्रं. रांगा. जाड जॅकेट हातात घेतलेल्या बायका.]

जानेवारीच्या मानाने दिवस उबदार होता. मतदान मोठं झालं. रांगेत उभ्या असलेल्या या बायकांचे चेहरे बघा. डेमोक्रॅटिक मतदारांत बायका ५७ टक्के होत्या. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांची जी चाचणी घेतली जाते, तिच्यानुसार त्यांतल्या ४६ टक्क्यांनी हिलरींना मत दिलं, ३४ टक्क्यांनी ओबामांना. आयोवाचं चित्र पाच दिवसांत उलटं झालं होतं. पुरुषांनी मात्र ओबामांनाच पुढे ठेवलं, ४० विरुद्ध २९.

[दृश्य : रात्र. मँचेस्टर. व्यासपीठ, जल्लोष.]

हिलरी ३९.१ टक्के, ओबामा ३६.५. फरक साधारण साडेसात हजार मतांचा. "मी तुमचं ऐकलं," हिलरी त्या रात्री म्हणाल्या, "आणि ऐकता ऐकता मला माझा स्वतःचा आवाज सापडला."

दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, अश्रूंनी निवडणूक फिरवली. आकडे तसं सरळ सांगत नाहीत. आपण मतदानाच्या दिवशीच ठरवलं, असं १७ टक्के मतदारांनी सांगितलं. त्यांची मतं कशी पडली? ३९ हिलरींना, ३६ ओबामांना. म्हणजे एकूण निकालासारखीच. चाचण्या का चुकल्या, याचा जनमत संशोधकांच्या संघटनेने समिती नेमून अभ्यास केला. २००९ च्या अहवालात त्यांना एकच एक कारण सापडलं नाही. चाचण्या लवकर थांबल्या होत्या, मतपत्रिकेवर हिलरींचं नाव वर होतं आणि ओबामांचं बरंच खाली, अशी कारणं पुढे आली.

मला तरी असं वाटतं, की त्या बायका अश्रूला भुलल्या, असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. शनिवारचं ते 'पुरेशा' त्यांनी ऐकलं होतं. इस्त्रीचा फलक पाहिला होता. दमलेल्या बाईला कुणीतरी प्रेमाने विचारावं, कसं गं निभावतेस, आणि उत्तर देता देता तिचा गळा भरून यावा, हे त्यांना टीव्हीवरून शिकायचं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी, दवाखान्याच्या बाकावर, ऑफिसच्या जिन्यात त्यांचं स्वतःचं तसं होऊन गेलेलं होतं.

पुढचं थोडक्यात. पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवायला प्रत्येक राज्यातून प्रतिनिधी जातात; न्यू हॅम्पशरमधून दोघांनाही सारखेच प्रतिनिधी मिळाले, नऊ-नऊ. जूनमध्ये हिलरींनी माघार घेतली, ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले. २०१६ मध्ये हिलरी उमेदवार झाल्या, देशभरात मतं जास्त मिळूनही हरल्या.

[दृश्य : पुन्हा कॅफे. कॅमेरा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला.]

आणि तो प्रश्न विचारणाऱ्या बाई? पहिल्या काही सेकंदांनी त्या हलून गेल्या होत्या, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण हिलरींनी नजर वळवली, पाठ ताठ केली आणि पुन्हा पुढाऱ्यासारखं बोलायला लागल्या, तिथे त्यांचं मन उडालं. मत त्यांनी ओबामांना दिलं.

त्यांना नको वाटलेला तो भाग म्हणजे उत्तराचा उरलेला अर्धा. काहींना निवडणूक हा खेळ वाटतो, कोण वर, कोण खाली. पण हा आपल्या देशाचा, आपल्या मुलांच्या भविष्याचा प्रश्न आहे, असं हिलरी त्यात सांगतात. आम्हा उमेदवारांतले काही तयारीचे आहेत आणि काही नाहीत, असंही सांगतात. आवाज सावरलेला आहे. डोळे अजून ओले आहेत.

आता ते उत्तर सलग ऐका.

[मूळ चित्रफीत, प्रश्नापासून शेवटच्या शब्दापर्यंत. निवेदन नाही, संगीत नाही.]