चिलटाच्या पोटातली गांधीलमाशी

नमस्कार श्रोतेहो.

पिकलेलं फळ दोन दिवस उघडं राहिलं की त्याभोवती बारीक चिलटं घोंगावू लागतात. आपण हात हलवून त्यांना उडवतो. जीवशास्त्रज्ञ मात्र शंभरपेक्षा जास्त वर्षं त्यांना बाटल्यांमध्ये पाळत आले आहेत. ड्रोसोफिला हे त्यांचं शास्त्रीय नाव. आनुवंशिकतेचे धागे उलगडण्यासाठी थॉमस मॉर्गन यांनी हीच माशी निवडली आणि १९३३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. २००० साली तिचा जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला. इतका बारकाईने अभ्यासलेला दुसरा कीटक शोधून सापडणार नाही.

आणि याच ड्रोसोफिलाच्या एका भाऊबंदाच्या पोटात, अगदी अलीकडे, कुणालाही ठाऊक नसलेला पाहुणा निघाला.

झालं ते असं. अमेरिकेतल्या मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीतले संशोधक रानातली चिलटं पकडून त्यांच्या अंगात परजीवी जंत आहेत का ते तपासत होते. ड्रोसोफिला अफिनिस या जातीच्या एका नराच्या पोटात त्यांना जंताऐवजी एक अळी दिसली. ती होती गांधीलमाशीची. मॅथ्यू बॅलिंजर यांच्या प्रयोगशाळेत लोगन मूर आणि सहकाऱ्यांनी तिचा माग काढला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात नव्या प्रजातीचं वर्णन छापून आलं. नाव ठेवलं सिंट्रेटस पर्लमनी. कीटकांमधल्या परजीवींचा अभ्यास करणाऱ्या स्टीव्ह पर्लमन या कॅनडातल्या जीवशास्त्रज्ञांच्या सन्मानार्थ.

गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला डंख आठवतो आणि अंगावर काटा येतो. ही जमात वेगळी. चिलटाच्या पोटात मावणारी, माणसाच्या खिजगणतीतही नसलेली. मादीच्या शरीराच्या टोकाला सुईसारखी अंडनलिका असते. ती चिलटाच्या पोटात खुपसून मादी अंडं घालते. अंड्यातून अळी निघते आणि जिवंत चिलटाला आतून खात सुमारे अठरा दिवस वाढते. वाढते म्हणजे किती, तर यजमानाचं पोट जवळजवळ भरून जातं. मग ती त्याच्या कुशीतून बाहेर पडते. त्या क्षणीही चिलट जिवंत असतं, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तसं आहे खरं. बाहेर पडलेली अळी कोषात जाते आणि चिलट थोड्या वेळात मरतं. साधा परजीवी, म्हणजे ऊ किंवा जंत, यजमानाला सहसा जिवंत ठेवतो. हे कीटक मात्र शेवटी यजमानाचा जीव घेतात.

डार्विन यांनाही हा प्रकार पचला नव्हता. १८६० साली वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं होतं, की दयाळू ईश्वराने सुरवंटांना जिवंतपणी आतून खाण्यासाठी असे कीटक मुद्दाम घडवले असतील, हे मनाला पटत नाही.

आता यात नवल काय? परजीवी गांधीलमाश्या तर हजारो जातींच्या आहेत, आणि ड्रोसोफिलावर जगणाऱ्याही बऱ्याच माहीत होत्या. पण त्या सगळ्या अळीवर किंवा कोषावर हल्ला करतात. पंख फुटून उडू लागलेल्या माशीच्या पोटात वाढणारी एकही गांधीलमाशी नोंदलेली नव्हती. ही पहिली. खरं तर अंदाज यायला हवा होता. सिंट्रेटसच्या नातलग जाती पूर्ण वाढलेल्या भुंगेमाश्यांच्या पोटात वाढतात, त्याच कुळातली आणखी एक जात पूर्ण वाढलेल्या ढालकिड्यांवर जगते. माशीकडे मात्र त्या नजरेनं कुणी पाहिलं नाही. परजीवी शोधणारे अळ्या आणि कोष गोळा करून वाट पाहत बसले आणि उडणाऱ्या माश्या डोळ्यांदेखत निघून गेल्या, असं मला वाटतं.

नवी प्रजाती ‘सापडली’ म्हणतो आपण, पण सापडणं हा त्यातला सोपा भाग. तिचं वर्णन करावं लागतं. एक नमुना कायमचा संग्रहालयात ठेवायचा आणि हे नाव या देहाचं, असं जाहीर करायचं. त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कधी वाद झाला तर निवाडा त्या देहावरूनच होतो. पंखांवरच्या शिरा कशा, मिशांना किती पेरं, पाठीवरची नक्षी कशी, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहायचं आणि जवळच्या प्रत्येक जातीहून ती कुठे वेगळी ते दाखवायचं. हल्ली जोडीला डीएनएही तपासतात. सिंट्रेटसच्या बाबतीत डीएनएचा मोठाच उपयोग झाला, कारण अळीवरून जात ओळखणं फार अवघड असतं.

हे सगळं रूक्ष वाटेल. पण कसावा या कंदपिकाची गोष्ट ऐका. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पिठ्या ढेकूण या किडीने १९७० च्या दशकात आफ्रिकेतलं कसावाचं पीक पोखरायला सुरुवात केली. त्याचा शत्रू शोधायला संशोधक अमेरिका खंडात गेले आणि आधी एका दिसायला सारख्या, पण वेगळ्या जातीच्या ढेकणाच्या मागे लागले. तिच्यावरचे परजीवी आफ्रिकेतल्या ढेकणाला चालेनात. दोन जाती वेगळ्या आहेत हे ध्यानात आलं, १९८१ मध्ये पॅराग्वेत खरी जात मिळाली आणि तिच्यावर जगणारी इवलीशी गांधीलमाशीही मिळाली. अनागायरस लोपेझी. गंमत म्हणजे या माशीचं वर्णन १९६४ मध्येच झालेलं होतं. तिचा काही उपयोग होईल हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ती नायजेरियात सोडली, तिथून अनेक देशांत पसरवली आणि कीड आटोक्यात आली. या मोहिमेचे नेते हान्स हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

सिंट्रेटसचा शेतीला उपयोग होईल असा दावा कुणी केलेला नाही. प्रश्न मात्र ढिगाने आहेत. ड्रोसोफिलाची अळी परजीवीचं अंडं अंगात शिरलं की रक्तपेशींचं काळं कवच त्याच्याभोवती गुंडाळून त्याला गुदमरवते. प्रौढ माशीपाशी अशी काही ढाल आहे का? अंडं घालायला गांधीलमाशीची मादी उडत्या चिलटाला पकडते तरी कशी? मूर आणि बॅलिंजर यांनी ही गांधीलमाशी कशी शोधावी, कशी पकडावी आणि प्रयोगशाळेत कशी वाढवावी याच्या सूचना आपल्या लेखासोबतच दिल्या आहेत. त्यामुळे चिलटं पाळणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेला आता या कामात उतरता येईल.

नमस्कार.