आधी पान, मग पडदा

(दृश्य: तलावपाळीची संध्याकाळ. पुढे नौपाड्यातील एका इमारतीच्या तळमजल्यावरील सभागृह. सतरंजी, खुर्च्या, टेबलावर पुस्तके.)

मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली ज्या शहरात स्थापन झाले, त्या ठाण्यात पुस्तकांवर बोलायला माणसे जमवणे कठीण नसते. त्यांना वेळेत घरी पाठवणे कठीण असते. महिन्यातून एकदा येथे भरणाऱ्या या वाचनकट्ट्याने येत्या वर्षासाठी विषय ठरवला आहे तो चित्रपट निघालेल्या गाजलेल्या कादंबऱ्यांचा. महिनाभर कादंबरी वाचायची, तिच्यावर चर्चा करायची आणि त्यानंतरच्या रविवारी चित्रपट एकत्र बसून पाहायचा, अशी योजना आहे. विषय पाच मिनिटांत मंजूर झाला, पण यादीसाठी तीन बैठका लागल्या.

पहिली यादी चित्रपटांच्या लौकिकावरून झाली, आणि तिथेच ती फसली. साहजिकच 'श्यामची आई' सर्वांत वर आले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते, आणि साने गुरुजींचे पुस्तक तर उपस्थितांपैकी प्रत्येकाने शाळेत असतानाच वाचले होते. अडचण झाली ती यामुळेच. चर्चेला सुरुवात होताच जो तो आपापल्या आईविषयी बोलू लागला आणि श्यामची आई बाजूलाच राहिली. दोष अर्थातच पुस्तकाचा नव्हे.

तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेने प्रश्नच बदलला. चित्रपट चांगला आहे का, हे विचारू नये. कादंबरीतले काय चित्रपटाला घेता आले नाही आणि त्याच्या जागी त्याने काय आणले, हे विचारावे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या जोडीविषयी या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात संपते, ती जोडी यादीतून वगळावी, हे सर्वांना पटले.

(दृश्य: 'बनगरवाडी'ची हाताळलेली प्रत, पाने उलटणारे हात.)

या कसोटीवर सर्वांत आधी उतरली ती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. ही कादंबरी १९५५ सालची. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर शिक्षक म्हणून आलेला एक कोवळा तरुण ती स्वतः सांगतो. वाडी त्याला जशी उलगडत जाते तशीच ती आपल्यालाही उलगडते आणि जे त्याला उशिरा कळते ते आपल्यालाही उशिराच कळते. अमोल पालेकर यांनी १९९५ साली त्यावर चित्रपट केला, तेव्हा पुस्तकभर जो केवळ पाहत होता, तो मास्तर स्वतःच प्रेक्षकांसमोर येऊन उभा राहिला. वाचताना आपण त्याच्या डोळ्यांच्या मागे असतो, तर पडद्यावर त्याच्या समोर. एवढ्याशा फरकाने कारभाऱ्याचा दरारा किती बदलतो आणि दुष्काळात वाडी ओस पडू लागते तेव्हा आपण नेमके कोणाच्या बाजूने हळहळतो, यावर एक बैठक सहज पुरी पडेल. शिवाय पुस्तक आटोपशीर आहे. ठाण्याहून रोज सीएसएमटीला जाणाऱ्याचे ते आठवडाभरात वाचून होते. अर्थात, गाडीत बसायला जागा मिळाली तर.

'जैत रे जैत'वर फार वाद झाला नाही. गो. नी. दांडेकरांच्या या कादंबरीतील ठाकर समाज ठाणे आणि रायगडच्या डोंगरांत आजही राहतो, त्यामुळे ती येथल्या वाचकाला परकी नाही. जब्बार पटेल यांच्या १९७७ सालच्या चित्रपटात कथा सांगण्याचे पुष्कळसे काम ना. धों. महानोर यांच्या शब्दांकडे आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीताकडे गेले आहे. गाणी सर्वांना पाठ, पण कादंबरी वाचलेले हात मात्र तीनच वर गेले. निवड तिथेच झाली.

खरी रंगत आली ती नावे बदललेल्या जोड्यांवर. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर १९८२ साली 'उंबरठा' आला. पहिले नाव बाईची अवस्था सांगते. दुसरे ती कुठे उभी आहे ते सांगते, आणि ती आत आहे की बाहेर, हे प्रेक्षकावर सोडते. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट'वर प्रभातने १९३७ साली 'कुंकू' काढला. तेथे लेखकाचा शेरा जाऊन बाईच्या कपाळावरचे चिन्ह शीर्षकात आले. (या जोडीच्या तयारीसाठी एका सदस्याने उत्साहाने 'पण लक्षात कोण घेतो' घरून आणले. ते हरी नारायण आपट्यांचे. नावांच्या या उलटापालटीने आजवर कितीजणांना चकवले असेल, कोण जाणे.) मात्र किमान तीन प्रती मिळाल्याखेरीज पुस्तक ठरवायचे नाही, हा कट्ट्याचा नियम आहे. त्यामुळे 'उंबरठा' यादीत राहिला आणि 'कुंकू' प्रती मिळेपर्यंत पुढे ढकलला गेला.

जयवंत दळवींच्या 'चक्र'वर १९८१ साली निघालेला चित्रपट हिंदी असल्याने काहींनी हरकत घेतली. ती टिकली नाही. झोपडपट्टीतील माणसांच्या तोंडची बोली बदलली की माणसे बदलतात का, हा प्रश्न मराठी चित्रपटाने कधीच उपस्थित केला नसता. मिलिंद बोकील यांची 'शाळा' मात्र विनातक्रार मान्य झाली.

(दृश्य: टेबलावर पुस्तकांच्या दोन चळती.)

शेवटची बैठक सर्वस्वी एकाच चित्रपटाने व्यापली. जब्बार पटेल यांचा १९७९ सालचा 'सिंहासन' अरुण साधू यांच्या एका नव्हे, तर दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे: 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. विजय तेंडुलकरांनी त्या दोन्हींमधून एक पटकथा उभी केली. मग वाचायचे कोणते पुस्तक? एका महिन्यात दोन्ही वाचून होत नाहीत, असे नोकरदार मंडळी म्हणाली. एकच वाचले तर तेंडुलकरांनी कुठे टाका घातला ते दिसणार नाही, असे शिक्षिकाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे कोणालाही जमले नाही.

अखेर कट्टा दोन गटांत वाटला गेला. दाराजवळ बसलेल्यांनी 'मुंबई दिनांक' वाचायचे, खिडकीजवळ बसलेल्यांनी 'सिंहासन', आणि चित्रपट पाहताना आपल्या पुस्तकातला प्रसंग आला की हात वर करायचा. निळू फुले यांनी साकारलेला पत्रकार दिगू टिपणीस शेवटी हसत सुटतो, तेव्हा हात कोणी वर करायचा, यावर त्याच रात्री गोखले रोडवरच्या रिक्षाच्या रांगेत पुन्हा वाद सुरू झाला.