बोटं उलटी वळतात, म्हणजे नक्की काय?

नमस्कार श्रोतेहो,

समोर टेबल असेल तर ऐकता ऐकता एक करून पाहा. गाडी चालवत असाल तर मात्र राहू द्या. हात टेबलावर पालथा ठेवा, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत सगळा टेकलेला. आता दुसऱ्या हाताने करंगळी हळूहळू वर उचला. जोर लावायचा नाही. ती जिथे आपणहून अडेल तिथे थांबायचं. शेजारी एखादं पुस्तक उभं ठेवलंत, तर त्याची कड म्हणजे काटकोन. करंगळी त्या कडेच्याही पलीकडे मनगटाकडे झुकली, तर तुमचा तो सांधा नेहमीपेक्षा सैल आहे. यात दोन चुका हमखास होतात. एक, करंगळीबरोबर तळहातही उचलला जातो. दुसरी, फक्त टोकाचं पेर मागे वाकतं आणि आपण त्यालाच मोजतो. मोजायचा असतो तो बोटाच्या मुळाशी, तळहाताला लागून असलेला सांधा.

आता अंगठा. हात समोर ताठ धरा, कोपर सरळ, तळवा जमिनीकडे. मनगट खाली वाकवून दुसऱ्या हाताने अंगठा आतल्या बाजूने कोपराकडे ढकला. अंगठा हाताला टेकला, तर आणखी एक गुण. कोपर वाकलेलं असेल तर बऱ्याच जणांना हे सोपं जातं, म्हणून ते सरळच हवं.

गुण म्हणायचं कारण, ही खरोखरच गुणांची चाचणी आहे. पीटर बेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली तिला आजचं रूप दिलं. एकूण गुण 9. दोन करंगळ्या, दोन अंगठे, दोन कोपरं, दोन गुडघे आणि शेवटचा एक गुण गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला टेकले तर. कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या पुढे 10 अंशांहून जास्त मागे गेले, तरच त्यांचे गुण मिळतात. पन्नाशीपर्यंतच्या मोठ्या माणसाला 5 किंवा जास्त गुण मिळाले तर अंगभर सैल सांधे आहेत असं धरतात. वयात न आलेल्या मुलांसाठी हा आकडा 6, आणि पन्नाशीनंतर 4. लहान मुलं मुळातच लवचिक असतात आणि वय वाढतं तसे सांधे आवळत जातात, म्हणून हा फरक.

मग असे लोक किती? अंगभर सैलपणा साधारण 10 ते 20 टक्के लोकांत सापडतो असं धरलं जातं. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त, आणि आशियाई व आफ्रिकी वंशाच्या लोकांत युरोपीयांपेक्षा जास्त. फक्त बोटांपुरता सैलपणा याहूनही सर्रास दिसतो. पण हा आकडा रेघ कुठे ओढता यावर ठरतो, हे लक्षात ठेवा. अंगठ्याचं वरचं पेर मागे वळणं हे शाळेत आनुवंशिकता शिकवताना ‘आहे किंवा नाही’ अशा थाटात सांगतात. प्रत्यक्षात मोजायला बसलं, तर कुणाचं 10 अंश, कुणाचं 35, कुणाचं 70. मधे कुठेही फट नाही. 50 अंशांवर रेघ ओढून अमेरिकेत 1953 साली मोजणी झाली, तेव्हा गोऱ्या लोकांत सुमारे चौथा हिस्सा आणि कृष्णवर्णीयांत सुमारे तिसरा हिस्सा त्या रेघेपलीकडे निघाला. चौघांत एक म्हणजे काही अजूबा नव्हे.

अशा बोटांना म्हणतात तो ‘डबल जॉइंट’ हा शब्दही तसा फसवाच. जादा सांधा कुणालाच नसतो. बोटात तीन हाडं, अंगठ्यात दोन, तुमच्याही आणि माझ्याही. फरक असतो तो सांधा बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांत. प्रत्येक सांध्याच्या तळव्याकडच्या बाजूला एक जाड पट्टी असते, ती बोट मागे जाऊ देत नाही. ही पट्टी आणि बाजूचे अस्थिबंध कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे. त्याची ठेवण जन्मतःच थोडी ढिली असली की बोट लवकर अडत नाही. म्हणूनच हे घराण्यात उतरतं.

खरा प्रश्न बोट किती मागे जातं हा नाहीच; भार पडल्यावर ते जागेवर राहतं का, हा आहे. पेन धरल्यावर तर्जनीकडे बघा. टोकाचं पेर आत दबून उलटं वाकलंय? पेन निसटेल म्हणून मग माणूस आणखी घट्ट दाबतो, पेर आणखी वाकतं, आणि पानभर लिहून होईतो अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. अस्थिबंधांनी फुकटात करायचं काम स्नायूंना करावं लागतं. दुखतं ते त्यामुळे. अशा मुलाला ‘नीट धर’ म्हणून ओरडण्यात काही हशील नाही. जाड, खरखरीत पकडीचं आणि न दाबता उमटणारं पेन द्या. तेवढ्यानं भागलं नाही तर पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यातून धरायला शिकवा, अंगठ्यावरचा भार लगेच उतरतो. दिसायला विचित्र दिसतं, दिसू द्या.

व्यायाम ताणायचा नको, धरायचा हवा. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी गोल करा, अगदी वाटोळा. हलकेच दाबून पाच सेकंद धरा, मग पुढचं बोट. टोकाचं पेर आत कोसळलं, म्हणजे जोर जास्त झाला, कमी करा. आणि मित्रांना दाखवायला बोटं उलटी करणं बंद. एकेका वेळेला काही होत नाही, पण आधीच सैल असलेली पट्टी रोज ताणायची कशाला?

काहींच्या बोटाचं मधलं पेर मागे जाऊन तिथेच अडकतं आणि वाकवताना खटकन् उडी मारतं. बोटाच्या दोन्ही कडांनी जाणारे कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचे) पट्टे सरकून वरच्या बाजूला गेलेले असतात, म्हणून ती उडी. इथे इंग्रजी आठच्या आकाराची अंगठी उपयोगी पडते: ती बोट वाकू देते, मागे जाऊ देत नाही. माप हॅन्ड थेरपिस्टकडूनच, म्हणजे हातावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडूनच घ्यावं. घट्ट झाली तर बोट बधिर होतं.

सैल बोटं हा तोटाच असं मात्र नाही. 660 वादकांची पाहणी 1993 साली प्रसिद्ध झाली. ज्यांची मनगटं आणि बोटं सैल होती त्यांच्यात हाताच्या तक्रारी 5 टक्क्यांना, बाकीच्यांत 18 टक्क्यांना. गुडघ्यांत चित्र उलटं: सैल गुडघेवाल्यांपैकी 5 टक्के तक्रार करणारे, बाकीच्यांत 1 टक्क्याहूनही कमी. हलणारा सांधा सैल असला तर फायदा, भार पेलणारा सैल असला तर त्रास.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं? सांधे वारंवार निखळत असतील, कातडी फार ताणली जात असेल, जखमेचे व्रण कागदासारखे पातळ होत असतील, किंवा उंच, लांबसडक बोटांच्या माणसाच्या घराण्यात महारोहिणीचा (हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीचा) आजार असेल, तर एहलर्स-डॅनलोस किंवा मार्फानसारख्या, शरीर बांधून ठेवणाऱ्या ऊतींच्या आनुवंशिक विकारांचा विचार व्हायला हवा. सकाळी सांधे सुजून आखडत असतील तर तोही वेगळा मामला, संधिवाताचा.

आणि लहानपणापासून सरळ असलेलं एकच बोट अलीकडे उलटं वळायला लागलं असेल, तर ते या गोष्टीत बसतच नाही. चेंडू बोटाच्या टोकावर आदळून टोकाची कंडरा तुटते, टोक लोंबतं, दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो; आणि काही महिन्यांनी मधलं पेर मागे जायला लागतं. वेळेत गेलात तर फक्त टोकाचं पेर सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. हात धुतानासुद्धा टोक टेबलावर टेकवूनच ती काढायची. एकदा जरी ते वाकलं, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.