डिकीतलं पाचवं चाक

'स्टेपनी' हा शब्द आपल्या इतका तोंडात बसलाय की तो मूळचा वेल्समधला आहे, हे सांगूनही कुणाला पटत नाही. लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास टायर चढवलेली, आरे नसलेली एक रिम विकायला काढली. त्या काळी मोटारीचं चाक सहज निघत नसे, म्हणून ही रिम पंक्चर झालेल्या चाकालाच बाजूने आवळायची. तिकडे हा शब्द केव्हाच मागे पडला, आपल्या डिकीत मात्र तो अजून आहे.

आता कंपन्या हे पाचवं चाक काढून घेऊ लागल्या आहेत, आणि ते नियमात बसतं. ऑक्टोबर २०२० पासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. सीएनजीची टाकी किंवा बॅटरी बसवणाऱ्याला ती जागा हवीच असते. वजन म्हणाल तर लहान गाडीच्या लोखंडी डिस्कसकट स्टेपनीचं १३-१५ किलो. त्यावर मायलेजचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न टायर कुठे फुटतो हा आहे. खिळा किंवा स्क्रू जमिनीला टेकणाऱ्या भागात, म्हणजे ट्रेडमध्ये घुसला, तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू उतरते. यासाठी स्टेपनी लागत नाही. खिळा लगेच उपटू नका. आधी जागेवर खडूने खूण करा. मग पक्कडीने काढा, तो ज्या तिरक्या दिशेने गेला होता त्याच दिशेने रिमर, म्हणजे किटमधला खरबरीत सुया, फिरवून भोक साफ करा, सुईत ओवलेली, सोल्यूशन लावलेली पट्टी दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहतील इतकी आत ढकला आणि सुई झटक्यात ओढा. टोकं २-३ मिलिमीटर ठेवून कापा, साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का पाहा. हवा भरताना इंजिन चालू ठेवा, कारण बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर पाच-दहा मिनिटं घेतो. कंपनीच्या किटमधल्या बाटलीतलं सीलंट फक्त ५-६ मिलिमीटरपर्यंतचं भोक बुजवतं. बाटलीवर मुदत छापलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. सीलंट घातलं असेल तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर टायर उघडताच तो चिकट लगदा त्याच्या अंगावर येईल.

पण खड्ड्याच्या धारेवर चाक आपटलं, किंवा घाटात कडेचा दगड लागला, तर फाटते ती साइडवॉल. ही भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते, त्यामुळे तिथे पट्टी टिकत नाही आणि सीलंट वाहून जातं. रिम वाकली तरी तेच. बारीक साइडवॉलचे, मोठ्या अलॉय चाकांचे टायर आल्यापासून हा प्रकार वाढणारच, कारण धक्का झेलायला मधे रबरच उरत नाही. म्हणून माझं मत असं: ज्याची गाडी पुण्या-मुंबईच्या हद्दीबाहेर क्वचित जाते, त्याने किट आणि मदतीचा फोन नंबर यांवर भागवावं. ज्याला वरंधा, आंबोली किंवा पावसाळ्यातला कोकणचा रस्ता नेहमीचा आहे, त्याने स्टेपनीशिवाय गाडी घेऊच नये.

मात्र स्टेपनी असणं वेगळं आणि ती कामाला येणं वेगळं. टायरची हवा न वापरताही महिन्याला साधारण एक पीएसआय उतरते. दोन वर्षं न पाहिलेल्या, तेहतीस हवेच्या टायरमध्ये काय उरेल ते तुम्हीच मोजा. तीन-चार पीएसआय जास्तच भरून ठेवा. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागते. आकडा टायरवरच असतो, आणि ताशी ८० ची मर्यादाही. टायरचं वय डॉट अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी रबर म्हातारं होतं. दहा वर्षांचा टायर लावू नये.

दुसरी अडचण नटांची. गॅरेजात हवेच्या गनने नट इतके आवळतात की रस्त्यात ते हलत नाहीत. लहान गाडीला साधारण १०० न्यूटन-मीटर पुरतात. गाडीतला पान्हा पाव मीटरचा धरला, तर टोकावर ४० किलोचा जोर द्यायचा, बस्स. नट सैल करायचे ते गाडी जमिनीवर असताना, अर्धा फेरा. जॅक चढवल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते. हँडब्रेक, पहिला गिअर, तिरकस समोरच्या चाकाला दगड, आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं. अलॉय गंजाने हबला चिकटलं असेल तर नट दोन फेरे सैल ठेवून गाडी हळूच खाली टेकवा, वजनानेच सुटतं. नटांऐवजी बोल्ट असलेल्या काही गाड्यांत अलॉयचे बोल्ट लोखंडी डिस्कला लांब पडतात, आत ब्रेकला घासतात. स्टेपनीचे वेगळे बोल्ट टूलकिटमध्ये आहेत का, हे घरीच पाहा.

एक्सप्रेसवेवर किंवा समृद्धीवर रहदारीच्या बाजूचं चाक गेलं असेल तर बदलायच्या भानगडीत पडू नका. सगळे कठड्यापलीकडे जा, हेल्पलाइनला फोन करा. बाकी कुठेही चाक बदललंत तर नट समोरासमोरचे आवळा आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्हा लावा. रंग आणि गंज दबला की ते थोडे सैल होतातच.